उंदरीण कुठे गेली?

शीर्षक वाचून पान उलटू नका! ही बालकथा नाही आणि कॅन्टीनच्या किचनबद्दलची तक्रारही नाही. (तो विषय पुढच्या अंकासाठी राखून ठेवलाय.)

‘उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून सिद्ध झालं आहे की...’ हे वाक्य आपण सगळ्यांनी कितीदा तरी वाचलेलं असतं. पेपरात, औषधांच्या बातमीत, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. वाचतो, घाबरतो किंवा खूश होतो आणि पुढे जातो. मला मात्र गेले काही महिने हे वाक्य दिसलं की एकच प्रश्न पडतो. कुठला उंदीर? आणि नर की मादी?

मी मेकॅनिकलची. मला उंदरांचं काय? तर माझी मावसताई एम.फार्म. करते. सुट्टीत तिच्याकडे गेले असताना तिची पुस्तकं चाळत होते आणि ‘किडनी’ या चॅप्टरला अडकले. तिथे मला आपल्या इंजिनिअरिंगचाच एक जुना प्रश्न भेटला. तो असा : टेस्ट ज्या स्पेसिमेनवर केली, निकाल त्याच्या पलीकडे किती लांब न्यायचा? दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये मराठी म्हणजे फक्त एक पेपर होता, त्यामुळे ‘मूत्रपिंड’ ऐवजी सगळीकडे किडनीच लिहिणार आहे. सांभाळून घ्या.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत ‘उंदीर’ म्हटलं की लहान, मोठे सगळे आले. प्रयोगशाळेत मात्र दोन वेगळे प्राणी असतात. छोटा तो माऊस, वीस-तीस ग्रॅमचा. मोठा तो रॅट, त्याच्या दहापट तरी वजनाचा. (गटारातली घूस तिसरीच, ती यात नाही.) लेखात मी माऊस आणि रॅट असंच म्हणेन. एका बाबतीत मात्र आपली भाषा श्रीमंत आहे. आपल्याकडे ‘उंदरीण’ असा स्वतंत्र शब्द आहे! विज्ञानाच्या मोठ्या भागाला तिची आठवण बरीच उशिरा झाली.

आता किडनी. माणसाच्या एका किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन म्हणजे गाळणीची युनिट्स असतात. रॅटच्या किडनीत सुमारे तीस हजार, माऊसच्या त्याहूनही कमी. पण हे फक्त लहान-मोठ्या मॉडेलचं प्रकरण नाही, रचनाच वेगळी आहे. आपली किडनी आतून कापली तर अनेक पिरॅमिड दिसतात. रॅट आणि माऊसमध्ये एकच पिरॅमिड, एकच टोक. गोल्डन हॅमस्टरमध्ये तर हे टोक इतकं लांब असतं की ते थेट मूत्रनलिकेत डोकावतं.

या टोकाचा उपयोग काय? लघवी घट्ट करून पाणी वाचवणं. आत नळ्या वर-खाली समांतर जातात आणि त्यांतून उलटसुलट दिशांनी प्रवाह वाहतो. ओळखीचं वाटलं ना? हीट ट्रान्स्फरमधला आपला काउंटर फ्लो! १९५९ मध्ये गॉटशॉक आणि मायली यांनी याचा भक्कम पुरावा दिला तेव्हा त्यांनी हॅमस्टर आणि वाळवंटी उंदीर वापरले, कारण त्यांच्या लांब टोकापर्यंत सुई पोहोचते. माणूस लघवी साधारण १,२०० मिलिऑस्मोलपर्यंत घट्ट करू शकतो, रॅट तीन हजारांच्या आसपास जातो आणि ऑस्ट्रेलियातला उड्या मारणारा एक वाळवंटी उंदीर नऊ हजारांच्या वर! म्हणजे तत्त्व एकच, पण डिझाईन प्रत्येकाचं वेगळं. इथपर्यंत कोणाची तक्रार नसते. माऊस वेगळा, रॅट वेगळा, माणूस वेगळा, हे सगळ्यांना मान्य असतं.

गंमत पुढे आहे. एकाच जातीत, एकाच पिंजऱ्यात, एकाच आईबापांच्या पोटी जन्मलेल्या नर आणि मादीची किडनीसुद्धा सारखी नसते.

माऊसचंच घ्या. नेफ्रॉनच्या सुरुवातीला केशवाहिन्यांचा गुंता असतो आणि त्याभोवती एक वाटी, तिला बोमनची कॅप्सूल म्हणतात. मादी माऊसमध्ये या वाटीचं अस्तर बहुतेक ठिकाणी चपट्या पेशींचं असतं. वयात आलेल्या नरात मात्र बऱ्याच वाट्यांमध्ये ठोकळ्यासारख्या जाड पेशी दिसतात, अगदी पुढच्या नळीत असतात तशाच. क्रॅबट्री या संशोधिकेने १९४१ मध्ये यावर पेपर लिहिला. फक्त हे अस्तर बघून माऊसचं वय आणि लिंग यांचा अंदाज घेता येतो, असा त्याचा विषय होता. हे सगळं टेस्टोस्टेरॉनचं काम. नराचे वृषण काढले तर हा फरक ओसरतो, मादीला टेस्टोस्टेरॉन दिलं तर तिच्यातही तो तयार होतो. नर माऊसची किडनी वजनालाही जास्त भरते.

तुम्ही म्हणाल, पेशी चपट्या की ठोकळ्या, काय फरक पडतो? फरक पडतो तो जिवाशी.

१९४५ मध्ये एशेनब्रेनर आणि मिलर यांनी ‘सायन्स’मध्ये एक छोटा पेपर छापला. क्लोरोफॉर्म दिल्यावर नर माऊसच्या किडनीतल्या पेशी मरत होत्या, मादीच्या शाबूत राहत होत्या. पुढे १९५३ मध्ये क्लोरोफॉर्मच्या वाफेतही हेच दिसलं. नर गेले, माद्या वाचल्या. कारण नंतर सापडलं. नर माऊसच्या किडनीत टेस्टोस्टेरॉनमुळे एक एन्झाइम भरपूर तयार होतं आणि ते क्लोरोफॉर्मचं रूपांतर फॉस्जीनमध्ये करतं. हो, पहिल्या महायुद्धात वापरलेला तोच विषारी वायू! म्हणजे नर माऊस स्वतःच्या किडनीत स्वतःसाठी विष बनवतो.

आता समजा हा प्रयोग फक्त माद्यांवर केला असता तर? ‘क्लोरोफॉर्म किडनीला सुरक्षित’ असा रिपोर्ट आला असता. फक्त नरांवर केला असता तर ‘किडनीचा शत्रू’. दोन्ही रिपोर्ट प्रामाणिक, दोन्हींचं रीडिंग बरोबर, आणि दोन्ही अर्धवट. तुम्हीच सांगा, एक्स्टर्नलने कोणत्या जर्नलवर सही करायची?

दुसरी गोष्ट रॅटची. ही मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या घरापर्यंत येते. संत्र्या-लिंबाच्या सालीचा वास ज्या पदार्थामुळे येतो तो म्हणजे डी-लिमोनीन. सरबताच्या फ्लेवरपासून फरशी पुसायच्या लिक्विडपर्यंत तो सगळीकडे असतो. १९९० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमने त्याच्या दोन वर्षांच्या चाचणीचा रिपोर्ट काढला. नर रॅटच्या किडनीत कॅन्सरच्या गाठी! शिसेविरहित पेट्रोलच्या वाफांच्या चाचणीतही १९८० च्या दशकात नर रॅटच्या किडनीत अशाच गाठी आढळल्या होत्या.

इथे थांबलो असतो तर उद्यापासून संत्रं सोलायचं की नाही, हा प्रश्न पडला असता. पण त्या लिमोनीनच्या चाचणीत आणखी तीन रकाने होते. मादी रॅट : गाठी नाहीत. नर माऊस : नाहीत. मादी माऊस : नाहीत. चारपैकी एकाच रकान्यात गडबड. म्हणून शास्त्रज्ञांनी विचारलं, नर रॅटमध्ये असं काय आहे जे बाकी कोणात नाही?

उत्तर निघालं अल्फा-टू-यू-ग्लोब्युलिन नावाचं एक प्रोटीन. वयात आलेल्या नर रॅटचं यकृत ते भरपूर बनवतं. ते लहान असल्यामुळे किडनीच्या गाळणीतून सहज खाली उतरतं आणि पुढच्या नळीतल्या पेशी त्यातलं बरंचसं परत आत घेऊन पचवतात. नेहमी हे काम सुरळीत चालतं. पण लिमोनीनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ या प्रोटीनला चिकटतो, की मग ते नीट पचत नाही. पेशीत थेंब साचत जातात, पेशी मरते, तिच्या जागी नवी येते, ती पण मरते. दीर्घकाळ हे दुरुस्तीचं काम चालू राहिलं की कधीतरी दुरुस्तीच बिघडते आणि गाठ होते. मादी रॅटमध्ये हे प्रोटीन जवळपास बनतच नाही. एनबीआर नावाच्या रॅटच्या एका वाणात नराचं यकृतही ते बनवत नाही, आणि त्या नरांना हा आजारही होत नाही. माणसात तर ते नाहीच. १९९१ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, ठरवलं की फक्त या मार्गाने होणाऱ्या नर रॅटच्या गाठींवरून माणसाचा धोका मोजायचा नाही. १९९९ मध्ये कॅन्सरवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने लिमोनीन ‘माणसाबाबत वर्गीकरण करता येत नाही’ अशा तिसऱ्या गटात ठेवलं.

लिमोनीनची अब्रू कोणी वाचवली? तर त्या शेजारच्या रकान्यातल्या उंदरिणीने. ती चाचणीत होती म्हणून प्रश्न विचारता आला. ती नसती तर ‘रॅटला कॅन्सर झाला’ एवढंच वाक्य उरलं असतं आणि आपण ते फॉरवर्ड करत बसलो असतो.

इथे एक सापळा आहे. हे सगळं वाचून कुणाला वाटेल, अच्छा, म्हणजे नर रॅटचं दुखणं पुरुषांना लागू, स्त्रियांना नाही. अजिबात नाही! नर रॅट म्हणजे छोटा पुरुष नव्हे आणि उंदरीण म्हणजे छोटी बाई नव्हे. अल्फा-टू-यू-ग्लोब्युलिन बाबांच्याही किडनीत नाही आणि आईच्याही नाही. नर माऊसच्या लघवीत याच कुळातलं प्रोटीन भरपूर असतं, तरी त्याला लिमोनीनने हा आजार होत नाही. थोडक्यात, जातीचा फरक आणि लिंगाचा फरक हे दोन वेगळे व्हेरिएबल आहेत आणि ते एकमेकांत गुंततात. एक धरून दुसरा विसरला की उत्तर चुकतं. मादी तपासायची ती ‘स्त्रियांची प्रतिनिधी’ म्हणून नाही. एकाच जातीत दोन वेगळ्या किडन्या समोर असतील तर त्यांतला फरक आपल्याला कारणापर्यंत नेतो, म्हणून तपासायची. आणि माणसापर्यंत न्यायचं असतं ते कारण, आकडा नव्हे.

मग एवढी उपयोगी उंदरीण गेली कुठे? औषधं आणि रसायनांच्या अधिकृत दीर्घ चाचण्यांमध्ये ती होतीच, वर पाहिलं तसं. गायब होती ती मूलभूत संशोधनातून, म्हणजे जिथे आजाराचं कारणच शोधलं जातं तिथून. बीरी आणि झुकर यांनी २००९ सालचे प्राण्यांवरचे पेपर तपासले. जीवशास्त्राच्या दहापैकी आठ शाखांमध्ये नरांचं पारडं जड होतं. मेंदूविज्ञानात तर एका मादी-अभ्यासामागे साडेपाच नर-अभ्यास!

ताईला विचारलं तर म्हणाली, ‘‘अगं, माद्यांचं चार-पाच दिवसांचं चक्र असतं. हार्मोन वर-खाली होतात, रीडिंग स्थिर येत नाहीत, म्हणून नर घ्या असं आम्हाला सांगतात.’’ ऐकायला पटतं. पण हे कोणी मोजून पाहिलं होतं का? २०१४ मध्ये प्रेंडरगास्ट आणि सहकाऱ्यांनी माऊसवरचे २९३ पेपर घेऊन मोजलं. चक्राचा कुठलाही दिवस न बघता घेतलेल्या माद्यांची रीडिंग नरांपेक्षा जास्त विखुरलेली नव्हती. म्हणजे ज्या कारणासाठी अर्धी प्रजा पिंजऱ्याबाहेर ठेवली ते कारणच तपासलेलं नव्हतं! ताईला हा आकडा सांगितला तर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘‘पेपरची लिंक पाठव.’’

मादीला बाहेर ठेवल्यावर काय हरवतं, तेही किडनीतच दिसतं. २०१७ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजीच्या जर्नलमध्ये एक अभ्यास आला. रॅटच्या नर आणि मादीला खारट पाण्याचा सारखा डोस दिला, तर मादीने तो जास्त वेगाने बाहेर टाकला. कारण नळीत मीठ परत खेचणारे पंप आणि दारं दोघांत वेगळ्या प्रमाणात बसवलेली आहेत. ब्लडप्रेशरच्या किती तरी गोळ्या याच दारांवर काम करतात. घरी आजीची रोजची गोळी आठवा. या दारांचा नकाशा एकाच लिंगाच्या प्राण्यात काढायचा आणि सर्वांसाठी वापरायचा, हे बरोबर आहे का?

आणि हे फक्त उंदरांपुरतं नाही. झोल्पिडेम या झोपेच्या औषधाला अमेरिकेत १९९२ मध्ये मंजुरी मिळाली होती. २०१३ मध्ये तिथल्या एफडीएने स्त्रियांसाठी शिफारस केलेला डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणला, कारण स्त्रियांच्या शरीरातून ते हळू बाहेर पडतं आणि सकाळी गाडी चालवताना धोका होतो. वीस वर्षं! अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००१ मध्ये सांगितलं होतं की १९९७ पासून बाजारातून काढून घेतलेल्या दहा औषधांपैकी आठ स्त्रियांसाठी जास्त धोक्याची होती.

आता विरुद्ध बाजू, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. पहिला आक्षेप : दोन्ही लिंगं घेतली तर प्राणी दुप्पट लागतील, खर्च दुप्पट, आणि मुक्या जिवांचे हालही दुप्पट. हा आक्षेप गंभीर आहे. पण वीस नरांऐवजी दहा नर आणि दहा माद्या घेता येतात. आकडेशास्त्रात त्यासाठी फॅक्टोरियल डिझाईन आहे, आपल्यालाही क्वालिटीच्या पेपरला असतं. लहानसा फरक पकडायचा असेल तर जास्त प्राणी लागतील हे खरं, पण मोठा फरक डोळ्यांसमोर येईल. आणि चुकीच्या निष्कर्षासाठी मेलेले प्राणी तर शंभर टक्के वाया जातात, त्याचा हिशोब कोण करणार? दुसरा आक्षेप : मग उंदीरच कशाला, सगळं बंद करा. माझं म्हणणं तेही नाही. उंदराने काउंटर फ्लो समजावला, क्लोरोफॉर्मचं कोडं सोडवलं. उंदीर खोटं बोलत नाही. आपण त्याला अर्धाच प्रश्न विचारतो आणि पूर्ण उत्तर लिहून मोकळे होतो. अमेरिकेच्या एनआयएचने २०१६ पासून अनुदान मागताना प्राण्यांच्या लिंगाचा विचार केला की नाही हे सांगणं आवश्यक केलं. उशिरा का होईना, बरं झालं.

शेवटी आपल्याकडे येऊ या, कारण उंदीर पाळणारे आपल्यात कोणी नाही, पण टेस्ट करणारे सगळेच आहोत. एस.ओ.एम.च्या लॅबमध्ये कास्ट आयर्नचा तुकडा तोडून माईल्ड स्टीलचा ग्राफ काढला तर सर जर्नल हातात परत देतील. मग मोटारींचं काय? समोरासमोरच्या धडकेच्या चाचण्यांमध्ये जगभर वापरला जाणारा हायब्रिड-थ्री हा पुतळा १९७६ मध्ये बनला, सरासरी अमेरिकन पुरुषाच्या मापाचा, सुमारे १७५ सेंटिमीटर आणि ७८ किलो. नंतर आलेली ‘स्त्री’ म्हणजे मुख्यतः त्याचीच छोटी केलेली आवृत्ती. २०११ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलं की सीटबेल्ट लावलेल्या चालक स्त्रीला गंभीर इजा होण्याची शक्यता तशाच पुरुष चालकापेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त होती. माऊसची किडनी मोठी केली की माणसाची होत नाही, तसंच पुरुषाचा पुतळा लहान केला की बाई होत नाही. वर्कशॉपमध्ये एकाच मापाचा बॉयलर सूट चार घड्या घालून वापरणाऱ्या माझ्या मैत्रिणींना हे वेगळं समजावून सांगायला नको!

या गाड्या उद्या आपणच डिझाईन करणार आहोत. मशीनचं हँडल, हेल्मेट, चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर, डायलिसिसचं यंत्रसुद्धा. प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणेल, ‘‘टेस्ट झाली आहे, पास आहे.’’ तेव्हा एवढंच विचारा : कोणावर? बाकीचे का नव्हते? आणि निकालामागचं कारण सापडलं का, की फक्त आकडा?

थिअरीच्या पेपरात या प्रश्नांना मार्क नाहीत, मान्य. पण पुढच्या वेळी ‘उंदरांवर सिद्ध झालं’ असं वाचाल तेव्हा फॉरवर्ड करण्याआधी क्षणभर थांबा आणि शोधा, उंदरीण कुठे आहे ते. आणि हो, फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये टेस्टिंगचा चॅप्टर लिहाल तेव्हाही. बघा पटतंय का. नाही पटलं तर कॅन्टीनला भेटा, कटिंग माझ्याकडून!